घाटात गाडी बंद पडते तेव्हा

‘गाडी रस्त्यात बंद पडली तर काय करायचं?’ मोटारसायकल चालवणारा जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न कधी ना कधी विचारतो आणि बहुतेकदा त्याला एकच उत्तर मिळतं: ‘जवळचा मेकॅनिक गाठायचा.’ शहरात हे उत्तर पुरतं. पण मुळशीकडून ताम्हिणी घाटातून माणगावला उतरताना, दिवस कलत आलेला, पाऊस धरलेला आणि मोबाइलची रेंज गेलेली असताना जवळचा मेकॅनिक म्हणजे किती किलोमीटर, याचा अंदाज येत नाही. हे प्रकरण तशा वेळेसाठी आहे.

सुरुवातीलाच एक दिलासा देतो. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीचं इंजिन आतून मोडलंय, असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा दोष किरकोळ असतो आणि हात पोचेल अशा जागी असतो. नुकसान होतं ते घाईने. माणूस घामाघूम होईपर्यंत किक मारतो, दिसेल तो नट सोडतो, आणि मूळ दोष जागच्या जागी राहून वर दोन नवे तयार होतात. म्हणून या प्रकरणाचा अर्धा भाग दोष शोधण्याबद्दल आहे. उरलेला अर्धा जुगाडाबद्दल आहे, आणि त्यातही जुगाड कुठे करायचा नाही याबद्दल.

१. आधी जागा

इंजिन आचके देऊ लागलं की हात आपोआप ॲक्सिलरेटर पिळतो. त्याऐवजी गाडीला वेग आहे तोवर क्लच दाबावा आणि गाडी डावीकडे घ्यावी. वळणावर थांबू नये. वरून येणाऱ्या एसटीच्या किंवा ट्रकच्या ड्रायव्हरला वळण संपेपर्यंत तुम्ही दिसत नाही. दमछाक झाली तरी चालेल, पण दोन्हीकडून नजर पोचेल अशा सरळ तुकड्यापर्यंत गाडी ढकलत न्यावी.

मागे थोड्या अंतरावर झाडाची फांदी टाकून ठेवायची ट्रकवाल्यांची पद्धत चांगली आहे. दगड मांडायची पद्धत मात्र जीवघेणी आहे. काम झालं की माणसं निघून जातात, दगड तिथेच राहतात आणि रात्री मागून येणारा दुचाकीवाला त्यांवर आदळतो. दगड ठेवलेच असतील तर निघताना एकेक उचलून बाजूला टाकणं हा दुरुस्तीचाच भाग समजावा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कुठेही संकटात ११२ हे क्रमांक पाठ असावेत.

२. बंद ‘कशी’ पडली?

अनुभवी मिस्त्रीकडे गाडी ढकलत नेली तर तो आधी गाडीकडे पाहत नाही, तुमच्याकडे पाहतो आणि विचारतो, ‘दादा, बंद कशी पडली? एकदम, का आचके देत देत?’ या एका प्रश्नाने निम्मं निदान होतं. तोच प्रश्न आपण स्वतःला विचारायचा.

चावी फिरवावी तशी गाडी एका क्षणात गप्प झाली, तर संशय विजेवर: फ्यूज, सुटलेली वायर, प्लगची टोपी, बॅटरीचा सैल नट. दोनचारशे मीटर आचके देत, मध्येच उचल घेत आणि परत दबत बंद पडली, तर संशय पेट्रोलवर. इंजिन मजेत चालू आहे, पण गाडी पुढे जात नाही, तर दोष इंजिनात नाहीच. चेन उतरली आहे किंवा क्लच गेला आहे. आणि आतून धातूवर धातू घासल्याचा आवाज आला, मागचं चाक लॉक झाल्यासारखं वाटलं, किक खालीच जाईना, तर इंजिन जाम झालंय. अशा वेळी हत्यारं पिशवीतच राहू द्यावीत आणि टेम्पो शोधावा. जबरदस्तीने किक मारून काहीही सुटत नाही.

निदानाआधी दोन गोष्टी मात्र न लाजता पाहाव्यात. उजव्या मुठीजवळचा लाल किल स्विच रेनकोटच्या बाहीने दाबला गेला आहे का? आणि साइड स्टँड पूर्ण वर आहे का? अलीकडच्या अनेक गाड्यांत स्टँडला स्विच असतो. त्यात चिखल बसला की स्टँड वर असूनही गाडीला तो खालीच वाटतो आणि इंजिन सुरू होत नाही. गाडी नुकतीच आडवी झाली असेल तर आणखी एक शक्यता असते. काही गाड्यांत तिरकेपणा ओळखणारा सेन्सर असतो, तो पडलेल्या गाडीचं इंजिन बंद करतो. गाडी उभी करून चावी पूर्ण बंद करून पुन्हा चालू केली की तो सुटतो.

३. पेट्रोल कुठे अडलं?

इंजिनला चालायला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि वेळेवर पडणारी ठिणगी. हवा रस्त्यात सहसा दगा देत नाही. उरल्या दोन. त्यातलं पेट्रोल आधी तपासू, कारण ते डोळ्यांनी दिसतं.

टाकी उघडून पाहा. गाडी हलवून आवाज ऐकण्यापेक्षा आत डोकावणं बरं. जुन्या गाड्यांत कॉकला ‘ऑन’ आणि ‘रिझर्व्ह’ अशा दोन जागा असतात. रिझर्व्हची वेगळी टाकी नसते. टाकीच्या आत दोन उंचींवर दोन तोंडं असतात; ‘ऑन’ला उंच तोंडातून पेट्रोल येतं, ते उघडं पडलं की इंजिन खोकतं, मग कॉक फिरवून खालच्या तोंडातून उरलेलं घ्यायचं. म्हणूनच कॉक कायम रिझर्व्हवर ठेवणाऱ्याला सूचना मिळतच नाही. रिझर्व्हचा हिशेबही सपाट रस्त्याचा धरू नये. समजा सव्वा लिटर उरलं आहे आणि गाडी एरवी लिटरला ६० किलोमीटर देते. कागदावर हे ७५ किलोमीटर झाले. मागे माणूस, सामान आणि घाटाचा चढ धरला, तर लिटरला ४० धरावेत, म्हणजे ५०. पंप ५५ किलोमीटरवर असेल तर वाटेतल्या गावात बाटलीतलं पेट्रोल विचारायची वेळ आत्ताच आली आहे.

टाकीत पेट्रोल आहे आणि तरी गाडी आचके देत बंद पडली, तर आधी झाकणाकडे वळा. झाकणात एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल खाली जाईल तशी तिथून हवा आत येते. धुळीने किंवा गाडी धुताना ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. झाकण उघडताना ‘फुस्स’ असा आवाज आला आणि मग गाडी सुरू झाली, तर दोष सापडला. घरी पोचेपर्यंत दर काही किलोमीटरांनी झाकण उघडून लावलं तरी भागतं. अनेक गाड्या या एवढ्याशा छिद्रापायी टेम्पोत चढल्या आहेत.

पुढचा टप्पा कार्ब्युरेटर. त्याच्या तळाला एक निचरा स्क्रू असतो. इंजिन निवल्यावर, खाली बाटली धरून तो थोडा सैल करा. पेट्रोल धारेने आलं तर इथवर वाट मोकळी आहे. आलंच नाही तर दोष वरती, नळीत किंवा कॉकच्या जाळीत. बाटलीत तळाशी पाण्याचे गोळे दिसले तर पेट्रोलमध्ये पाणी आहे. पाणी जड असल्यामुळे ते नेमकं या तळाशी साचतं, आणि ते निथळून टाकलं की बऱ्याचदा काम होतं.

पेट्रोल इथवर येतं, ठिणगीही आहे, तरी गाडी उचलत नाही, तर जेट तुंबला असेल. जेट म्हणजे पितळी स्क्रू, मधोमध मिलिमीटरपेक्षाही बारीक छिद्र असलेला. घरी हवा भरायचा रॉकेलचा स्टोव्ह ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल: बर्नर तुंबला की ज्योत पिवळी पडून फडफडायची, मग पिन मारली की परत निळी आणि एकसारखी व्हायची. इथेही तेच घडतं. फरक एवढाच की जेटला पोलादी पिन मारायची नाही. पितळ मऊ असतं, छिद्र किंचित मोठं झालं तरी पेट्रोल जास्त जाऊन गाडीचं ॲव्हरेज कायमचं बिघडतं. तोंडाने जोरात फुंकावं, हवेच्या पंपाने मारावं, फार तर टूथब्रशचा एक केस घालावा.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ चे नियम लागू झाले आणि जवळजवळ सगळ्या नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर गेला. त्याच्या जागी इंधन फवारणारा इंजेक्टर आला. आता टाकीतला छोटा विजेचा पंप पेट्रोल ढकलतो. या गाडीचं निदान कानाने होतं. किल स्विच चालू ठेवून चावी फिरवली की दोनतीन सेकंद टाकीतून बारीक ‘गूं’ आवाज यायला हवा. आला तर पंप जिवंत आहे. नाही आला तर आधी फ्यूज आणि बॅटरी पाहा, कारण या गाडीत वीज नाही म्हणजे पेट्रोलही नाही. इंजेक्टर रस्त्यात उघडायच्या भानगडीत पडू नये.

४. ठिणगी पडते का?

प्लग काढायचा पाना गाडीच्या हत्यारांच्या पिशवीत असतो. आधी प्लगची रबरी टोपी दाबून पाहा, कारण खड्ड्यांनी ती सैल होते आणि सगळा दोष तेवढाच निघू शकतो. ती घट्ट असेल तर इंजिन निवू द्या, प्लगच्या भोवतीची माती फुंकून काढा (नाहीतर ती सरळ इंजिनात पडते), आणि मग प्लग सोडवा.

प्लगचं टोक इंजिनाच्या पोटातली बातमी सांगतं. फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक आहे. कोरडं काळं काजळ म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, बहुधा एअर फिल्टर तुंबलेला. ओलं आणि पेट्रोलचा वास येणारं टोक म्हणजे पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही. ओलं आणि तेलकट काळं म्हणजे इंजिन ऑइल वर चढतंय, याला गॅरेजच लागेल. पांढरटपणा म्हणजे इंजिन फार तापतंय.

आता परीक्षा. प्लग टोपीत परत घाला आणि त्याची धातूची बाजू इंजिनच्या उघड्या धातूला टेकवून धरा. टेकलेलीच हवी, अधांतरी राहिली तर ठिणगीच्या सर्किटला इजा होऊ शकते. प्लगच्या भोकापासून हे लांब करा, कारण तिथून पेट्रोलची वाफ फेकली जाते. टोपीचं रबर पकडा, धातूला बोट लावू नका, आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. टोकांच्या फटीत कडक निळी ठिणगी दिसली तर वीज ठीक आहे. पिवळट, मरगळलेली दिसली किंवा दिसलीच नाही, तर नवा प्लग लावून परत पाहा. एक जादा प्लग जवळ ठेवण्याचा खर्च किरकोळ आहे, आणि तो नसेल तर प्लग खराब की कॉइल, हा प्रश्न तिथे सुटतच नाही.

प्लग परत लावताना पहिले सगळे आटे बोटांनीच बसवा. इंजिनचं डोकं ॲल्युमिनियमचं असतं. पाना लावून वाकडा प्लग रेटला की आटे जातात आणि एका किरकोळ दोषाचं रूपांतर मोठ्या खर्चात होतं. बोटांनी टेकेपर्यंत बसवावा, मग नवा प्लग असेल तर पान्याने साधारण अर्धा फेरा आणि जुना असेल तर त्याहून बराच कमी.

गाडी पूर्ण मेली असेल, हॉर्न नाही, दिवा नाही, तर फ्यूज. त्याच्या डबीत बहुधा एक जादा फ्यूज दिलेला असतो. इथे एक जुना जुगाड आहे आणि तो मी कुणालाही करू देणार नाही: सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा वायरचा तुकडा फ्यूजच्या जागी घालणं. फ्यूज जळतो कारण कुठेतरी वायर धातूला चिकटली आहे. तो जळला म्हणून वायर वाचली. त्याच्या जागी चांदी घातली की पुढच्या वेळी वायरच तापते, आणि ती टाकीच्या खालून गेलेली असते. जादा फ्यूजही लगेच जळला तर हँडलच्या मानेपाशी पाहा. रोज हँडल वळून वळून तिथली वायर सोलवटते. उघडा तांब्याचा भाग सापडला की त्याला चिकटपट्टी गुंडाळा आणि मगच तिसरा फ्यूज लावा.

बॅटरी उतरलेली असेल तर ढकलून सुरू करता येते. चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. उतारावर किंवा दुसऱ्याच्या धक्क्याने वेग आला की क्लच झटकन सोडा, इंजिनने पकड घेतली की परत दाबा. पहिला गिअर घेऊ नये, त्यात मागचं चाक नुसतं घसटतं. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते आणि १२ ला ती जवळपास रिकामी असते. इंजेक्टरच्या गाडीत बॅटरी साफ मेलेली असेल तर पंप चालणार नाही आणि धक्काही वाया जाईल.

५. तुटलेली क्लच वायर

रस्त्यातल्या सगळ्या बिघाडांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा, कारण तो हमखास येतो, आधी सांगून येतो, आणि तरीही माणसं त्यापायी रस्त्यावर रात्र काढतात.

क्लच वायर म्हणजे बारीक पोलादी तारांचा पीळ, वरून काळं वेष्टण, आणि टोकाला शिशासारख्या धातूची गोळी, तिला निपल म्हणतात. लिव्हर दाबली की निपलने आपल्या खोबणीत जरासं फिरायला हवं. तिथे वंगण नसेल तर निपल अडकते, आणि मग प्रत्येक दाबाला तार त्याच ठिकाणी वाकते. शहरात दिवसाला शेकडो वेळा क्लच दाबला जातो. एकेक तार तुटत जाते. क्लच अचानक जड वाटू लागतो, ॲडजस्टर वारंवार फिरवावा लागतो, आणि लिव्हरच्या आत वाकून पाहिलं तर निपलशेजारी तुटलेल्या तारांचे केस उभे दिसतात. ते दिसले की वायर त्याच आठवड्यात बदलावी. महिन्यातून एकदा तिथे सोडलेला तेलाचा थेंब हे सगळं लांबवतो.

लांबच्या प्रवासाला निघण्याआधी एक युक्ती करावी. नवी वायर जुन्या वायरच्या शेजारून, त्याच वाटेने ओढून चिकटपट्टीने बांधून ठेवावी, टोकं प्लास्टिकने झाकावीत. तुटली की टाकी न उचलता फक्त दोन टोकं अडकवायची, दहा मिनिटांत काम होतं.

जादा वायर नसेल तर? तार बहुतेकदा वरच्या निपलपाशी तुटते, म्हणजे बाकीची सगळी शाबूत असते. घरातल्या वायरिंगला वापरतात त्या कनेक्टरच्या पट्टीतला एक पितळी तुकडा, दोन स्क्रूंचा, पिशवीत असू द्यावा. दोन्हीकडचे ॲडजस्टर पूर्ण आत फिरवले की तार काही मिलिमीटर सैल होते. टोक लिव्हरच्या खोबणीतून घ्यायचं, पितळी तुकडा त्यावर चढवायचा, दोन्ही स्क्रू पक्कडीने जीव लावून आवळायचे. ही निपल तालुक्याच्या गावापर्यंत पुरते. तिथे नवी वायर घ्यायची.

तेही नसेल तर क्लचविना गाडी नेता येते, मात्र रिकाम्या रस्त्यावर. इंजिन न्यूट्रलमध्ये सुरू करा, गाडी उतारावर सोडा किंवा पायांनी ढकला, आणि चालण्याइतका वेग आला की पहिला गिअर टाका. हिसका बसेल. पुढचे गिअर टाकताना ॲक्सिलरेटर क्षणभर पूर्ण सोडा आणि त्याच क्षणी गिअर दाबा. दातांवरचा ताण गेलेला असतो, म्हणून गिअर सहज पडतो. थांबायचं असेल तर आधीच न्यूट्रल शोधा, सापडलं नाही तर किल स्विच. गावातल्या बाजारात, शाळा सुटायच्या वेळी हे करू नये. तिथे गाडी हाताने ढकलावी.

ॲक्सिलरेटरची वायर तुटली तर कार्ब्युरेटरच्या गाडीत काम सोपं आहे. स्लो स्पीडचा स्क्रू आत फिरवून इंजिनचा वेग वाढवायचा आणि तेवढ्यावर दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश निघायचं.

चेनबद्दल थोडक्यात. उतरलेली चेन चढवताना इंजिन बंद असावं आणि चावी खिशात. चालत्या चेनपाशी बोटं नेणाऱ्यांची बोटं गेली आहेत. तुटली तर बहुधा चेन लॉकच गेलेलं असतं, म्हणून एक जादा लॉक बाळगावं. त्याचा चिमटा लावताना बंद तोंड चेनच्या धावण्याच्या दिशेला, उघडं तोंड मागे. उलटा लावला तर तो वाटेत कुठेतरी सुटून पडतो.

६. पंक्चर

बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने १८८८ मध्ये मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, आणि पंक्चर तेव्हापासून आपल्या पाठीशी आहे. मागचं चाक बसलं की गाडीची शेपटी डोलते, पुढचं बसलं की हँडल जड होतं. दोन्ही वेळी ब्रेक दाबू नये, ॲक्सिलरेटर सोडून गाडी सरळ ठेवावी. बसलेल्या चाकावर बसून गाडी चालवली की ट्यूब आत फिरते आणि वॉल्व्हच उपटून निघतो. त्यावर पॅच बसत नाही.

ट्यूबलेस टायर असेल तर चाक काढावं लागत नाही. खिळा कुठल्या कोनात घुसला आहे ते आधी पाहून ठेवा, मग उपसा. किटमधली खरखरीत सळई त्याच कोनात घालून पाचसात वेळा आतबाहेर करा. भोक मोठं होईल याची भीती वाटते, पण कडा खरखरीत झाल्याशिवाय पट्टी धरत नाही. चिकट पट्टी सुईत ओवा, ती जवळजवळ पूर्ण आत ढकला, बाहेर सेंटिमीटरभर शेपट्या ठेवा आणि सुई एका झटक्यात ओढा. शेपट्या थोड्या ठेवून कापा. थुंकी लावून बुडबुडे येतात का पाहा. भोक टायरच्या बाजूच्या भिंतीत असेल तर पट्टी मारून चालवू नये. ती भिंत प्रत्येक फेरीला दुमडते आणि पट्टी वेगात असताना बाहेर येऊ शकते.

आऱ्यांच्या चाकांत सहसा ट्यूब असते, कारण रिममधल्या आऱ्यांच्या भोकांतून हवा निसटते. इथे चाक काढणं आलं. ट्यूब काढल्यावर लगेच पॅचकडे धावू नका. आधी फडक्याने टायरच्या आतून सगळीकडे हात फिरवा. बाभळीचा काटा किंवा तारेचा तुकडा आतच राहिलेला असतो आणि दुरुस्त झालेल्या ट्यूबला वीस मिनिटांत परत भोसकतो. ट्यूब घासून, पुसून सोल्यूशन लावा आणि थांबा. ओलं असताना पॅच लावण्याची घाई हेच तो सुटण्याचं कारण असतं. बोटाच्या मागच्या बाजूला लागणार नाही इतकं सुकलं की मगच पॅच दाबायचा. टायर चढवताना टॉमीच्या टोकात ट्यूब चिमटणार नाही हे पाहा, आणि शेवटची बाजू शक्यतो हातानेच आत ढकला.

७. पाण्यातून काढलेली गाडी

पावसात बंद पडणाऱ्या गाड्या दोन प्रकारच्या असतात. नुसत्या भिजलेल्या गाडीची प्लगची टोपी कोरडी पुसली, आतून फुंकली की ती सुरू होते. भरलेल्या ओढ्यातून नेताना मधेच बंद पडलेली गाडी वेगळी. तिला स्टार्टर मारू नका, एकदाही नाही. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर पिस्टन वर येताना हवेसारखं ते दबत नाही, आणि मग कनेक्टिंग रॉड वाकतो.

गाडी ढकलून कोरड्यावर घ्या. प्लग काढा, चावी बंद ठेवा, सावकाश किक मारा किंवा वरच्या गिअरमध्ये मागचं चाक हाताने फिरवा. भोकातून पाण्याची पिचकारी उडाली तर आपण वाचलो. एअर फिल्टर काढून पिळा, कार्ब्युरेटर निथळा. शेवटी ऑइल पाहा. ते दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी मिसळलं आहे आणि ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, गाव कितीही जवळ असलं तरी.

८. जुगाडाचं सामान आणि त्याची हद्द

रॉबर्ट पर्सिग यांच्या १९७४ च्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ या पुस्तकात एक प्रसंग आहे. मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यूचं हँडल सैल झालेलं असतं. लेखक सुचवतो की बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून फटीत बसवू. मित्राला तो गाडीचा अपमान वाटतो. खरं तर त्या जागी पातळ, मऊ, न गंजणारा पत्राच हवा होता, आणि डब्याचा पत्रा नेमका तसाच होता. रस्त्यावरचा चांगला जुगाड असा असतो. वस्तू कशासाठी बनली होती हे बाजूला ठेवून तिचा गुण काय, ते पाहायचं.

आपल्याकडचं सर्वांत गुणी सामान म्हणजे जुन्या ट्यूबची पट्टी. ताणून गुंडाळली की ती स्वतःच आवळत राहते. हलणारा सायलेन्सर सोडून जवळजवळ काहीही तिने बांधता येतं. सायलेन्सर तापतो, त्याला बाईंडिंगची तारच हवी. दगडावर आपटून इंजिनच्या तळाला चीर पडली आणि ऑइल झिरपू लागलं, तर एम-सील लागतं. मात्र ते तेलकट जागेवर धरत नाही. ऑइल काढून, पेट्रोलच्या फडक्याने जागा पुसून, खरवडून मग लावायचं आणि तासदोन तास थांबायचं. टाकीला सुईएवढं भोक पडलं तर अंगाचा साबण घासून भरावा. तो पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पेट्रोलची नळी टोकाशी चिरली असेल तर तेवढं टोक कापून परत बसवावी. लिव्हर अर्धी तुटली तर उरलेल्या थोटकावर दोन बोटांनी काम भागतं.

ब्रेक, चाकाचा आस आणि हँडलची मूळ पकड, या तीन जागी तारेने बांधून गाडी चालवायची नाही. पेट्रोल गरम इंजिनवर ठिबकत असेल तरीही नाही. अशा वेळी गाडी तिथेच कुलूप लावून ठेवावी आणि एसटीने घरी जावं. घाट उतरताना डिस्क ब्रेकची लिव्हर मऊ पडून मुठीपर्यंत येऊ लागली, तर ब्रेकचं तेल उकळलं आहे. गिअर कमी करत, इंजिनच्या ओढीवर गाडी थांबवा आणि अर्धा तास निवू द्या. लिव्हर परत कडक होईल, पण ते तेल बदलेपर्यंत भरवशाचं नाही.

गॅरेजला पोचल्यावर मिस्त्रीला काय बिघडलं ते सांगण्याआधी तुम्ही काय केलं ते दाखवा: कुठे पितळी तुकडा आवळला आहे, कुठे एम-सील आहे, कुठला फ्यूज तिसरा आहे. चिखलाखाली ते दिसत नाही. गाडी चालते म्हणून तो फक्त ऑइल बदलून परत देईल आणि पितळी तुकडा लिव्हरमध्ये तसाच राहील.